परदेशात जाताय? सिम, कार्ड आणि फोनची तयारी सोलापुरातच उरका, कुठलं काम कधी करायचं ते क्रमाने

शेंगा चटणी, कडक भाकरी, बीपीच्या गोळ्या, स्वेटर, सगळं आठ दिवस आधी मोजून भरलेलं असतं आणि बँकेचं काम मात्र सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर आठवतं. मग बर्थवर बसून कार्डाचं इंटरनॅशनल चालू करायला जायचं, कुर्डुवाडी गेली की नेटवर्क ये-जा करतं, ओटीपी येत नाही, सकाळी मुंबईत उतरून टॅक्सीत परत तेच, आणि शेवटी विमानतळावरच्या फुकट वायफायवर घाईघाईत नेटबँकिंग उघडायचं. गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे सगळं फोनवरून निस्तरून द्यायला लागलंय, आणि दर वेळी अडचण तीच निघते. लोकांना काय करायचं ते माहीत असतं पण क्रम उलटा होतो. जे काम इथे दहा मिनिटांचं आहे ते तिकडे गेल्यावर होतच नाही, कारण जवळजवळ प्रत्येक गोष्टीला ओटीपी लागतो आणि ओटीपी तुमच्या भारतातल्या नंबरवरच येतो.

म्हणून खाली जसा क्रम दिलाय तसाच घ्या. पहिले सहा टप्पे घरून निघायच्या आधीचे आहेत, आणि सुरुवात किमान १५-२० दिवस आधी करा.

टप्पा १ : आधी नंबर, मग बाकी सगळं

पहिलं बघायचं ते हे की प्रत्येक बँकेत तुमचा कुठला नंबर लागलेला आहे. बऱ्याच जणांचा एका बँकेत जुना नंबर असतो, एकात बायकोचा, एकात मुलाचा. नंबर बदलायला शाखेत जावं लागू शकतं, फॉर्म, सही, दोन-चार दिवस, म्हणून हे सगळ्यात आधी. तिकडे बसून हे काम करणं फार अवघड जातं.

मग त्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, इथे असतानाच. रोमिंगचा मोठा पॅक घ्यायलाच पाहिजे असं नाही. तिकडे इंटरनेटसाठी लोकल सिम किंवा ई-सिम (वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्या आणि आपलं सिम फोनमध्ये फक्त एसएमएससाठी जिवंत ठेवा. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, पण आलेला फोन उचलला तर लागू शकतात, त्यामुळे तुमच्या कंपनीच्या ॲपमध्ये त्या देशाचे दर बघून घ्या. सेटिंगमध्ये आपल्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा, आणि एका सिमचा डेटा संपला की आपोआप दुसऱ्यावर जायची जी सोय असते तीही बंद करा, नाहीतर बिल येतं.

लेकीकडे किंवा मुलाकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनी प्रीपेडची व्हॅलिडिटी बघा. ती तिकडे असताना संपली की एसएमएस यायचे थांबतात आणि लक्षातही येत नाही. परत येण्याच्या तारखेच्या पुढे महिनाभर जाईल एवढा रिचार्ज आधीच मारून ठेवा.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ती चूक. पुष्कळ लोक भारतातलं सिम घरी जुन्या फोनमध्ये घालून आईकडे ठेवतात आणि लागेल तेव्हा व्हॉट्सॲपवर फोन करून ओटीपी विचारतात. सोपं वाटतं. माझ्या आत्याकडे जुळे सोलापूरला असाच फोन होता, टीव्हीच्या शेजारी कायम चार्जिंगला लावलेला, आणि शेजारी चष्मा आणि एक छोटी वही. मुलगा जर्मनीतून फोन करायचा, आत्या चष्मा लावून सहा आकडे वहीत उतरवायची आणि एकेक करून वाचून दाखवायची. असं वर्षभर चाललं. एक दिवस दुपारी हिंदीत फोन आला, आपके बेटे का कार्ड एअरपोर्ट पे अटक गया है, उसने आपका नंबर दिया है, एक कोड आएगा. आत्याने नेहमीसारखा चष्मा लावला, वहीत आकडे लिहिले आणि वाचून दाखवले. ४८ हजार गेले. सगळे तिला बोलले, पण ओटीपी फोनवर वाचून दाखवायची सवय तिला आम्हीच लावली होती ना. बँकेनेही ओटीपी तुम्हीच दिलात म्हणून हात वर केले. त्यामुळे सिम घरी ठेवून जाऊ नका. ज्याचं सिम त्याच्या खिशात.

तपासा : सिम रोमिंगला चालू आहे का, व्हॅलिडिटी परतीच्या पुढे आहे का, सगळ्या बँकांत हाच नंबर आहे का. तिन्हीला हो आलं की पुढे जा.

टप्पा २ : फोन चोरीला जाणार असं धरून तयारी

तिकडे फोन हरवला तर चोराच्या हातात काय लागेल, ते बघून फोन बांधायचा.

- स्क्रीन लॉक सहा आकडी करा, ४ आकडी आणि जन्मसाल तर नकोच.
- लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. हे फार जण विसरतात. फोन लॉक असला तरी ओटीपी वरच दिसत असेल तर लॉकचा उपयोग काय?
- सिमला पिन लावा. चोर तुमचा फोन उघडत बसत नाही, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी घेतो. सिम पिन असेल तर तिथेच अडतो.
- व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा.
- हरवलेला फोन शोधायची सोय चालू करा. आयफोनवाल्यांनी स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन पण चालू करा.
- आधार, पॅन, पासबुक, कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो गॅलरीत असतील तर उडवा, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेले असतील तर तेही.

सावधान : सिम पिन लावताना आधी जुना पिन विचारला जातो, तो कंपनीने ठरवलेला असतो. तो माहीत नसताना अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिमचं कुलूप उघडायचा पीयूके कोड मागतं, आणि तो मिळवायला कस्टमर केअरच्या मागे लागावं लागतं. म्हणून हे काम घरी, वेळ असताना, कंपनीला विचारून करा.

अजून एक. जायच्या आधी नवा फोन घेतला असेल तर सगळी बँक ॲप आणि यूपीआय इथेच चालू करून किमान आठवडाभर वापरा. ही ॲप त्या फोनशी आणि त्या सिमशी बांधलेली असतात, चालू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो आणि त्यावरून ओळख पटते. तिकडे जाऊन ॲप काढून परत टाकलं, फोन रिसेट केला किंवा आपलं सिम बाहेर काढलं, की हे सगळं पहिल्यापासून करायला लागतं आणि रोमिंगवर तो एसएमएस जाईलच असं नाही. मी स्वतः दुबईला उतरल्या उतरल्या सिम काढून पाकिटात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी बँकेचं ॲप उघडेना, म्हणून हॉटेलच्या खोलीत बायकोच्या कानातल्याच्या टोकाने ट्रे उघडून ते परत बसवायला गेलो, नखाएवढं ते सिम हातातून सुटलं आणि तासभर आम्ही दोघं गालिच्यावर मोबाईलचा टॉर्च मारत शोधत होतो. मिळालं, पण तो तास मला अजून आठवतो. तेव्हापासून तिकडच्यासाठी ई-सिमच घेतो.

टप्पा ३ : ईमेल

बँकेचा पासवर्ड बदलायचा मेल इथेच येतो, आणि फोन हरवला तर तो लॉक करायलाही हेच लॉगिन लागतं. पण दुसऱ्याच्या फोनवरून लॉगिन करायला गेलात की गूगल कोड पाठवणार कुठे? त्याच हरवलेल्या फोनवर! म्हणून गूगलचे बॅकअप कोड काढून ठेवा. १० कोड मिळतात, ८ आकड्यांचे, एक कोड एकदाच चालतो. कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवा.

टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या लोकांनी इथे जास्त लक्ष द्या. जानेवारीत इकडे सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो आणि तिकडे फ्रँकफर्टला हाइमटेक्सटिल हे कापडाचं प्रदर्शन, मालक आठवडाभर बाहेर, आणि तेवढ्यात गिऱ्हाईकाला मेल जातो की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यात करा. मेल तुमच्याच आयडीवरून असतो किंवा एका अक्षराच्या फरकाचा असतो. जायच्या आधी प्रत्येक पार्टीला सांगून ठेवा की आमचं खातं मेलवरून कधीच बदलत नाही, असा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करून विचारा. आणि खात्रीसाठी मेल सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही न लावलेलं फॉरवर्डिंग, म्हणजे तुमचे मेल आपोआप दुसऱ्या आयडीवर जाणं, लागलंय का ते बघा, चोर आत शिरला की बहुतेक वेळा तेच लावून ठेवतो.

टप्पा ४ : कार्ड आणि खाती

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठीच चालू असतं. परदेश, ऑनलाइन, टॅप करून पेमेंट हे आपण स्वतः चालू करायचं, २०२० पासून असंच आहे. बँकेच्या ॲपमध्ये प्रत्येकाचं वेगळं बटण आणि वेगळी मर्यादा असते.

चूक इथे होते : हॉटेल बुक करायला दोन महिने आधी इंटरनॅशनल ऑनलाइन चालू केलेलं असतं आणि ते तसंच उघडं राहतं. बाहेरच्या बऱ्याच वेबसाइटवर ओटीपी न मागताच पैसे कटतात, फक्त कार्ड नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे पुरतात. त्यामुळे बुकिंग झालं की ते लगेच बंद करा. प्रवासात इंटरनॅशनल एटीएम आणि दुकान एवढंच चालू, तेही तुमच्या रोजच्या खर्चाइतक्या मर्यादेने.

कार्ड किती न्यायची? माझ्या मते तीन. एक फॉरेक्स कार्ड, कारण त्यात भरलेत तेवढेच पैसे असतात आणि ते तुमच्या बचत खात्याला जोडलेलं नसतं. एक क्रेडिट कार्ड, हॉटेलच्या डिपॉझिटला, कारण गडबड झाली तर खात्यातली रोकड जात नाही, बिलावर वाद घालता येतो. आणि एक डेबिट कार्ड, दुसऱ्या बँकेचं, बॅगेत वेगळं ठेवलेलं. ज्या खात्यात पेन्शन, एफडी, घराचे पैसे आहेत त्याचं डेबिट कार्ड घरीच ठेवा आणि त्याचं परदेशी बटण बंदच ठेवा. साधं रुपे कार्ड बाहेर सगळीकडे चालेल असं धरू नका, बँकेला विचारून घ्या.

यूपीआय सिंगापूर, यूएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा काही देशांत ठरावीक दुकानांत चालतं, पण ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल वेगळं चालू करावं लागतं. त्यावरच विसंबून जाऊ नका.

तिकडे असताना इथे कुणाला पैसे पाठवायला लागतील, भाडं, हप्ता, कामवाल्या मावशींचा पगार, ती सगळी नावं नेटबँकिंगमध्ये आधीच जोडून ठेवा आणि मग रोजची ट्रान्सफरची मर्यादा खाली आणा.

टप्पा ५ : एक कागद, दोन जागी

बँकेचे १८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर परदेशातून बऱ्याचदा लागत नाहीत. प्रत्येक बँकेचा बाहेरून लावायचा वेगळा नंबर असतो, अधिक ९१ लावून. तो कार्डाच्या मागून किंवा बँकेच्या साइटवरून उतरवून घ्या. साइट खरी आहे का हे बघायला आता एक सोपी खूण आहे, आपल्या बँकांचे पत्ते डॉट बँक डॉट इन असे संपतात. गूगलवर कस्टमर केअर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका, तिथे बनावट नंबर टाकलेले असतात.

कागदावर एवढंच : बँकांचे परदेशातून लागणारे नंबर, कस्टमर आयडी, कार्डाचे शेवटचे चार आकडे, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), मोबाईल कंपनीचा नंबर, घरच्या दोन माणसांचे नंबर. आयएमईआय बघायला फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. पिन आणि पासवर्ड या कागदावर अजिबात नकोत. एक प्रत सामानात, एक सोलापुरात भरवशाच्या माणसाकडे.

टप्पा ६ : घरच्यांशी बोलणं आणि एक सराव

घरात एक शब्द ठरवा. तुमच्या नावाने, तुमच्या आवाजात किंवा तुमच्या फोटोच्या व्हॉट्सॲपवरून कुणी पैसे मागितले तर घरच्यांनी तो शब्द विचारायचा. ग्रामदैवत किंवा नातवाचं नाव नको, ते फेसबुकवर असतं. आणि विमानात असाल तेवढे तास तुम्ही उचलणार नाही हे घरी नीट सांगा, कारण ‘तुमचा मुलगा पकडला गेलाय’ असे फोन तेव्हाच खपतात. भारतीय दूतावास फोनवर पैसे मागत नाही आणि डिजिटल अरेस्ट असा कुठला प्रकार कायद्यात नाही, हेही त्याच बैठकीत सांगून टाका. स्टेटसवर तिकिटाचा फोटो तर टाकूच नका, त्यावरचा पीएनआर वापरून तुमचं बुकिंग उघडता येतं.

सराव असा करा : निघायच्या दोन दिवस आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, फक्त वायफाय चालू करा आणि बघा कुठलं ॲप उघडतं, कुठलं अडतं. दहा मिनिटांत कळतं काय राहिलंय. मग एअरप्लेन मोड काढा आणि राहिलेलं करा.

टप्पा ७ : उतरल्यावर

आधी आपलं सिम तिथल्या नेटवर्कला लागलं का बघा, स्वागताचा मेसेज आला म्हणजे लागलं. मग ई-सिम चालू करा. मग घरी फोन. विमानतळाच्या वायफायवर फारतर नकाशा आणि टॅक्सी बघा.

वायफायची भीती लोकांना एकतर फार असते किंवा अजिबात नसते. बँकेचं ॲप जे पाठवतं ते आता कुलूपबंदच जातं, त्यामुळे शेजारच्या टेबलावर बसून कुणी ते वाचेल अशी शक्यता कमी. खरा धोका हॉटेलच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेल्या खोट्या वायफायचा. त्याला जोडलं की एक पान उघडतं आणि ईमेलचा पासवर्ड किंवा कार्ड नंबर मागतं. वायफायसाठी खोली नंबर आणि आडनाव मागितलं तर ठीक, मेलचा पासवर्ड मागितला तर ताबडतोब बाहेर. नाव रिसेप्शनला विचारूनच जोडा, आपोआप जोडणं बंद ठेवा, आणि पैशाचं काम मोबाईल डेटावर करा. हॉटेलच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर बँक उघडूच नका, बोर्डिंग पास छापण्यापुरता तो ठीक.

सावधान : दुबईला व्हॉट्सॲप कॉल लागत नाही म्हणून कुठलंतरी फुकट व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवणारं ॲप) टाकू नका. तिथला कायदा याबाबत कडक आहे, आणि फुकट व्हीपीएनवाल्याच्या हातात तुमचं सगळं इंटरनेट जातं ते वेगळंच. तिथे चालणारं बोटिम हे कॉलचं ॲप वापरा.

टप्पा ८ : एटीएम आणि दुकान

बँकेच्या आत असलेलं एटीएम वापरा, कार्ड घालायच्या जागी हात लावून हलतंय का बघा, पिन झाकून टाका. मशीनने रुपयात कापू का असं विचारलं तर नाही म्हणा, त्या देशाच्या चलनातच घ्या, रुपयातला दर महाग पडतो. कार्ड वेटरच्या हातात देऊन आत पाठवू नका, मशीन टेबलावर मागवा. उमराला किंवा टूरबरोबर जाणाऱ्यांनी कार्ड आणि पिन ग्रुपच्या माणसाकडे सांभाळायला देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

टप्पा ९ : खोटे मेसेज ओळखणं

सध्या दोन प्रकार जास्त चालतात. पहिला, हॉटेल बुकिंगचा. मेसेज बुकिंगच्या ॲपमधल्या चॅटमध्येच येतो, तुमचं नाव, तारीख सगळं बरोबर असतं, आणि म्हणतात १२ तासांत कार्ड व्हेरिफाय करा नाहीतर बुकिंग रद्द. हॉटेलचं खातं चोराने उघडलेलं असतं म्हणून सगळं खरं वाटतं. लिंक दाबू नका, थेट हॉटेलला फोन करा.

दुसरा, सरकारी फॉर्मचा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड फुकट आहे, थायलंडचं डिजिटल कार्ड १ मे २०२५ पासून लागतं तेही फुकट. गूगलवर मात्र वर जाहिरातीत ज्या साइट येतात त्या डॉलरमध्ये फी घेतात आणि पासपोर्टची माहिती पण ठेवून घेतात. पत्ता सिंगापूरचा असेल तर शेवटी जीओव्ही डॉट एसजी, थायलंडचा जीओ डॉट टीएच, एवढं बघितलं तरी पुरे.

टप्पा १० : काही झालंच तर, या क्रमाने

फोन चोरीला गेला की लोक आधी अर्धा तास त्याच फोनवर रिंग देत बसतात. तसं करू नका.

१. दुसऱ्याच्या फोनवरून घरी फोन करून कागदाची दुसरी प्रत काढायला लावा आणि सिम बंद करायचं काम त्यांच्याकडे द्या.
२. तोपर्यंत तुम्ही बँकेला फोन करा, कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. नुसतं कार्ड बंद केलं तर यूपीआय चालूच राहतं. तक्रार क्रमांक लिहून घ्या.
३. बॅकअप कोड वापरून मेलमध्ये शिरा, फोन लॉक करा, पासवर्ड बदला.
४. पैसे गेले असतील तर सोलापुरातल्या माणसाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका. जितक्या लवकर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त.
५. तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट घ्या. विम्याला लागतो, बँकेलाही दाखवता येतो.

बँकेला लेखी मेल त्याच दिवशी पाठवाच. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य, ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरावीक रकमेपर्यंत, आणि कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने तेवढी रक्कम खात्यात दाखवायची असते. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. ‘परत आल्यावर शाखेत जाऊन बोलू’ म्हणून पंधरा दिवस थांबलेले लोक मी बघितलेत, त्यांना हा फायदा मिळाला नाही.

सिम बंद झाल्यावर नवीन सिम तिकडे सहज मिळत नाही, म्हणजे परत येईपर्यंत ओटीपी नाही. चिप आणि पिनवर चालणारं ते बॅगेतलं दुसरं कार्ड याच दिवसासाठी नेलेलं असतं. ते पाकिटात पहिल्याच्या शेजारी ठेवलं असेल तर दोन्ही एकदमच जातात.

टप्पा ११ : घरी आल्यावर

बॅग उघडायच्या आधी इंटरनॅशनलची सगळी बटणं बंद करा. फॉरेक्स कार्ड ब्लॉक करा किंवा उरलेले पैसे काढून घ्या. तिकडे वापरलेल्या कार्डांचे पिन बदला, फोनमधली हॉटेलची वायफाय नावं काढून टाका. पुढचे दोन महिने स्टेटमेंट ओळ न ओळ वाचा आणि एक-दोन डॉलरची अनोळखी नोंद दिसली तर सोडून देऊ नका, कार्ड चालतंय का हे बघायला आधी तेवढेच काढतात. त्याच दिवशी बँकेला कळवा आणि कार्ड बदलून घ्या.